गोड उदाचं गौडबंगाल

सध्या कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये घटकाभर उभं राहा, एक वास तुम्हाला गाठतोच. आधी नाकाशी येते पिकलेली लिची, नाहीतर आलुबुखार. मागोमाग साखरेचा पाक आणि व्हॅनिला. आणि या सगळ्या गोडव्याच्या तळाशी काहीतरी काळसर, लाकडी, किंचित धुरकट. चौकशी केली की कळतं, हा 'ऊद' आहे, दुबईचा. जुने अत्तरवाले नाक मुरडतात. म्हणतात, ऊद कधी असा असतो का, हे तर सरबत! लावणारा पोरगा म्हणतो, लोक वळून बघतात, आणखी काय पाहिजे? माझं मत विचाराल तर दोघंही अर्धेअर्धे बरोबर आहेत. उदाला फळांची गोडी परकी नाही. काही उदांना ती जन्मतःच असते. पण हॉलभर दरवळणाऱ्या त्या वासात खरा ऊद मात्र बहुतेक वेळा नसतोच.

आधी एक घोळ निस्तरू. बाळ-बाळंतिणीला धुरी देताना आपल्या घरात निखाऱ्यावर जो ऊद घालतात तो एक डिंक असतो, लोबानाच्या जातकुळीतला. अरबांचा ऊद म्हणजे आपलं अगरू. ते एक लाकूड आहे, आणि तेही आजारी पडलेलं.

ॲक्विलेरिया वंशाच्या ज्या झाडात ते तयार होतं त्याला आसामात सांची म्हणतात. धडधाकट सांचीचं लाकूड फिकट, हलकं आणि बिनवासाचं. अत्तराच्या दृष्टीने कवडीमोल. मग कधीतरी झ्यूझेरा नावाच्या पतंगाची अळी खोड पोखरते, त्या भोकांतून बुरशी शिरते आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी आतल्या आत राळ सोडू लागतं. वर्षानुवर्षं ती राळ मुरत जाते, लाकूड काळं आणि जड होतं. उत्तम प्रतीचा तुकडा तर पाण्यात चक्क बुडतो. हल्ली लागवडीच्या झाडांत अळीची वाट कोणी पाहत नाही. खोडाला भोकं पाडून त्यात बुरशी सोडतात आणि काही वर्षांनी झाड तोडतात.

हे दुखणं किती मोलाचं आहे हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक होतं. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त राजकोशात जमा करायच्या वस्तूंमध्ये चंदनाच्या जोडीने अगरूच्या निरनिराळ्या प्रती दिल्या आहेत. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिलं. कामरूपाच्या राजाने, भास्करवर्म्याने, हर्षाला पाठवलेल्या नजराण्याचं त्यात वर्णन आहे. त्या नजराण्यात अगरूच्या सालीवर लिहिलेल्या पोथ्या आहेत आणि काळ्या अगरूचं तेलही आहे. कामरूप म्हणजे आजचा आसाम. सुमारे चौदाशे वर्षांनंतरही भारतातल्या अगरूचं मुख्य ठिकाण तेच आहे.

तेल काढण्याची पद्धत ऐकायला साधी आहे. लाकडाचे तुकडे किंवा भुगा पाण्यात भिजत घालायचा, मग डेगेत उकळून वाफेबरोबर येणारं तेल वेगळं करायचं. पण चव, म्हणजे खरं तर वास, ठरतो तो भिजत घालण्याच्या काळात. आसामात लाकूड बराच काळ भिजू देतात. ते आंबतं. म्हणून हा 'हिंदी', म्हणजे भारतीय, ऊद पहिल्यांदा हुंगणारा माणूस दचकतो. त्यात गोठा असतो, ओलं चामडं असतं, पेंढा असतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो दर्प निवळतो आणि खालून गंभीर, कोरडा, मसालेदार लाकडाचा वास वर येतो. अरब शौकिनांना हे सगळं, गोठ्यासकट, हवं असतं. आखातात 'हिंदी' हे आजही मानाचं बिरुद आहे.

कंबोडियाकडचा ऊद मात्र निराळ्या स्वभावाचा. बाजारात त्याला 'कंबोडी' म्हणतात. कंबोडिया आणि शेजारच्या थायलंडातल्या त्रात प्रांतातलं तेल तुलनेने मऊ, मधाळ असतं. त्यात पिकलेल्या आलुबुखाराचा, बेरींचा, कधी अंजिराचा भास होतो. त्यात कोणी फळ घातलेलं नसतं. झाडाची जात, तिथली बुरशी, भिजवण्याचा काळ, डेगेची तऱ्हा या सगळ्यांतून ही गोडी उतरते. उदाची चिप निखाऱ्यावर जाळली तरी असाच अनुभव येतो. त्यातली क्रोमोन नावाची संयुगं उष्णतेने फुटतात आणि कडू बदामासारखी गोडसर वाफ सुटते. तेव्हा गोड ऊद ही काही गेल्या चार वर्षांतली फॅशन नव्हे. ज्याला हिंदी झेपत नाही त्याच्या हातावर दुकानदार पूर्वीपासून कंबोडीच लावत आला आहे.

या व्यापारात मुंबईचा वाटा मोठा. आखातात तेलाचा पैसा येण्याआधी अरब व्यापारी मोती विकायला आणि धान्य, कापड, सुगंध न्यायला इथे येत. चलनाचीही अडचण नव्हती. दुबई आणि कतारमध्ये १९६६पर्यंत भारतीय रिझर्व्ह बँकेचा रुपयाच चालत होता. आसामच्या होजाईतले हाजी अजमल अली हे भातशेती करणारा माणूस. ते आपल्या भागातलं अगरू घेऊन मुंबईत आले. त्यांच्या 'अजमल' या कंपनीचं स्थापनावर्ष १९५१ सांगतात. पुढे कंपनीचा पसारा दुबईत गेला आणि आज आखातातल्या मोठ्या अत्तरघराण्यांत तिची गणना होते. मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास फिरलात तर उदाच्या पेट्या आणि कुप्या मांडून बसलेली दुकानं आजही दिसतील. तेल तोळ्यावर विकलं जातं, आणि फक्त इथेच नाही, आखातातसुद्धा. आपला सोन्याचा तोळा, ११.६६ ग्रॅमचा, उदाच्या बाजाराने तसाच्या तसा उचलला आहे.

आणि सोन्याची आठवण व्हावी असाच भाव असतो. ढीगभर लाकूड शिजवावं तेव्हा तोळ्यात मोजण्याइतकं तेल हाती लागतं. त्यातून रानातली झाडं ओरबाडून संपत आली. या झाडाची ॲक्विलेरिया मलॅकेन्सिस ही जात १९९५पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २००५पासून तर सगळा ॲक्विलेरिया वंशच त्यात आला, म्हणजे परवान्याशिवाय सीमेपार व्यापार नाही. आता सांगा, शंभर मिलिलीटरची बाटली दोन-तीन हजारांत मिळत असेल तर तिच्यात ऊद कुठून येणार?

येतो तो बांधणीतून. पाश्चात्त्य सुगंधशाळांनी उदाचा आभास निर्माण करणारी मिश्रणं तयार केली आहेत. या मिश्रणांत वारंवार वापरलं जाणारं एक नैसर्गिक तेल तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे: नागरमोथा. तोच, जो दिवाळीच्या उटण्यात आंबेहळद, कपूरकाचरी, गव्हला आणि वाळ्याच्या जोडीला असतो. परदेशी सुगंधकार त्याला सिप्रिऑल म्हणतात. धुरकट, मातकट, लाकडी असा त्याचा वास असतो. त्यात पचौली, थोडी चामड्याची छटा, केशराचा आभास आणि अंबरसारखी टिकाऊ रसायनं मिसळली की नाकाला ऊद वाटू लागतो. नरकचतुर्दशीला उटणं पाण्यात कालवताना एकदा मुद्दाम हुंगून बघा. महागड्या बाटलीतला तळाचा सूर तिथेच सापडेल.

युरोपात उदाची हवा तशी उशिराच लागली. २००२मध्ये इव्ह सां लोरांने 'एम ७' काढलं. तेव्हा तिथली सूत्रं टॉम फोर्डकडे होती. वास काळाच्या पुढचा निघाला, विक्री यथातथाच झाली. २००७मध्ये त्याच टॉम फोर्डने स्वतःच्या नावाखाली 'ऊद वुड' आणलं आणि मग रांग लागली. पॅरिस-लंडनच्या दुकानांत दर दुसऱ्या बाटलीवर ऊद. ती काढणाऱ्या कित्येक कंपन्यांना उदाचा उग्रपणा नको होता, नाव तेवढं हवं होतं. मग तो सोसवेल असा करण्यासाठी आधी अरबांचा जुना जोडीदार गुलाब आला, नंतर व्हॅनिला, आणि शेवटी फळं.

फळांचा प्रवास वेगळ्याच गल्लीतून झालेला. लिंबू-संत्र्याच्या सालीतून तेल निघतं, पण आंबा, लिची, पीच, स्ट्रॉबेरी यांतून अत्तरात घालण्याजोगं तेल काढता येत नाही. म्हणून अत्तरातलं रसाळ फळ जवळजवळ नेहमी प्रयोगशाळेतलं असतं. पीचसाठी गॅमा-अनडेकालॅक्टोन, गेर्लांच्या १९१९च्या 'मित्सुको'त तो गाजला. अननसासाठी ॲलिल हेक्झानोएट. आलुबुखार आणि सफरचंदाच्या छटेसाठी डॅमॅस्कोन, ज्यांचे सगेसोयरे गुलाबाच्या तेलातही आहेत, म्हणून गुलाब, फळ आणि ऊद यांचं इतकं जमतं. आणि साखरेच्या पाकासाठी इथाइल माल्टॉल. बुढ्ढी के बाल खाताना नाकात जातो तोच हा वास. १९९२मध्ये थिअरी म्युग्लरच्या 'एंजल'मध्ये हा गोडवा काळ्याभोर पचौलीला भिडवला आणि गोड अधिक काळं हे सूत्र जगभर रुळलं. आजचा फळांचा ऊद अरबांचा जितका वारस आहे तितकाच 'एंजल'चाही आहे. लताफा या अत्तर-कंपनीच्या 'बदी अल ऊद' मालिकेतली 'सब्लाइम' घ्या. सफरचंद, लिची, गुलाब, आलुबुखार, व्हॅनिला, पचौली: वासाच्या यादीत फळांची अशी मांदियाळी आहे आणि ऊद नावात आहे. मला ही बाटली फसवी वाटत नाही. चांगली जमलेली, आनंदी गोष्ट आहे ती. पण ती हुंगून कोणी 'मला ऊद कळतो' म्हणू नये.

आता लावण्याविषयी. आपले लोक चुकतात ते इथे.

आखातात सुगंध थरांनी चढवतात. आधी कपड्यांना आणि केसांना धुरी, मग कानामागे आणि मनगटावर तेलाचं बोट, शेवटी कपड्यावर स्प्रे. अमिराती पुरुषांच्या कंदुऱ्याला, म्हणजे पायघोळ झग्याला, गळ्याशी एक गोंडा असतो, त्यालाही अत्तर लावतात. पाहुण्यांसमोर धुरीचं पात्र फिरलं की निघण्याची वेळ झाली असं समजायचं, अशी तिकडची म्हणच आहे. पण हे सगळं कोरड्या हवेत, ऐसपैस दिवाणखान्यात, सैल सुती कपड्यांवर. ते जसंच्या तसं उचलून दादर-ठाण्याच्या दमट हवेत आणि सकाळच्या लोकलमध्ये आणलं की शेजाऱ्याचं डोकं उठतं. उष्णतेने आणि घामाने गोड वास फुगतो. शिवाय नाक फितूर असतं. आपणच लावलेला वास थोड्या वेळाने आपल्याला येईनासा होतो, म्हणून माणूस 'उडाला वाटतं' म्हणत आणखी दोन फवारे मारतो. खोलीतल्या बाकीच्यांसाठी तो मुळीच उडालेला नसतो.

म्हणून अशा अत्तराचे दोन फवारे पुरे, तेही घराबाहेर पडण्याआधी थोडा वेळ. एक छातीवर, कपड्याच्या आत. एक मानेच्या मागे. मनगटं एकमेकांवर घासायची गरज नाही. ऑक्टोबरच्या उन्हात एकच. बंद एसी ऑफिसात, दवाखान्यात, पंगतीत नकोच. श्रीखंडाच्या वाटीवर शेजाऱ्याच्या लिचीचा दरवळ आला तर केशर-वेलदोड्याने जायचं कुठे? हे अत्तर खुलतं ते पुण्या-नाशिकच्या, विदर्भाच्या थंडीत, संध्याकाळी, उघड्या हवेत. डिसेंबरातली लग्नं त्याच्यासाठीच आहेत.

कपड्यांचं एक पथ्य. व्हॅनिलिन असलेली अत्तरं काळाबरोबर तपकिरी होत जातात, बाटलीत पाहिलंत तरी दिसेल. पांढऱ्या कुर्त्यावर त्यांचे डाग पडतात. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर थेट फवारा कधीच मारू नये. अस्तराला किंवा अंगाला लावावं.

दुकानात निवडताना कागदी पट्टीवर विश्वास ठेवू नका. फळांतली हलकी संयुगं, अननसासारखी, पहिल्या काही मिनिटांत उडून जातात आणि नेमक्या त्याच मिनिटांत विक्रेता बिल करायला घेतो. मागे राहतो तो मुरलेला, मुरंब्यासारखा गोडवा आणि लाकूड. तुमच्याबरोबर दिवसभर तोच राहणार आहे. तेव्हा मनगटावर लावा, क्रॉफर्ड मार्केटपर्यंत एक फेरी मारा, चहा घ्या. तासाभराने जो वास उरेल तो आवडला तर परत जा.

खऱ्या उदाची ओळख करून घ्यायची असेल तर जुन्या दुकानात बसून एका हातावर थोडं हिंदी आणि दुसऱ्यावर थोडं कंबोडी लावून मागा. बरेच दुकानदार आनंदाने लावतात. कंबोडीतली फळं नाकात बसली की बाटलीतली लिची वेगळी ओळखू येते, आणि दोन्हींची मजा घेता येते. या दिवाळीत कोणासाठी घ्यायचाच असेल तर आधी पाच मिलिलीटरची छोटी कुपी घ्या. आणि दोन हजारांच्या बाटलीवर कोणी 'अस्सल ऊद' म्हणत असेल, तर वास आवडला म्हणून खुशाल घ्या; त्या 'अस्सल'चे जास्तीचे पैसे मात्र देऊ नका.