गावाचा पॉडकास्ट : आधी साचा ठरवा, मग माईक हाती घ्या



पॉडकास्ट हा शब्द आता पारावरही ऐकू येऊ लागला आहे. २००४ साली इंग्रजी वृत्तपत्रात प्रथम वापरला गेलेला हा शब्द. अर्थ साधा आहे : आधी मुद्रित करून ठेवलेला, भागाभागाने येणारा आणि मोबाईलवर केव्हाही ऐकता येणारा कार्यक्रम. रेडिओची वेळ पाळावी लागते. हा मात्र धार काढताना, ठिबकच्या नळ्या पसरताना, बाजाराच्या वाटेवर, जेव्हा सवड होईल तेव्हा ऐकावा.

आपल्या गटाचा किंवा ग्रामपंचायतीचा असा कार्यक्रम काढावा, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. तेव्हा पहिला प्रश्न माईक कोणता घ्यावा, हा नव्हे. ऐकून झाल्यावर ऐकणाऱ्याने नेमके काय करायचे आहे, हा पहिला प्रश्न. जमीन पाहून आपण पीक ठरवतो, तसा मजकूर पाहून कार्यक्रमाचा साचा ठरवावा.

साचा चुकला तर लोक नुसते कंटाळतात, असे समजू नका. फवारणीच्या औषधाचे प्रमाण चौघांच्या गप्पांच्या ओघात सांगितले आणि ऐकणाऱ्याने आकडा भलताच धरला, तर पीक जळते, प्रसंगी माणूसही दगावतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. त्याची कारणे अनेक होती. पण औषधाविषयीचा शब्द नेमका पोहोचणे किती मोलाचे आहे, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

कृती सांगायची, तर एकानेच बोलावे

समजा, घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासावी, हे सांगायचे आहे. सरसकट शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत ठेवा. वरून दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. कमी उगवले, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा.

एवढे बोलायला चार मिनिटे पुरतात. त्यात दुसरा पाहुणा आणला की आकडे गप्पांत हरवतात. कीर्तनकार एकटाच बोलतो, तरी मंडळी खिळून बसतात. कारण एक अभंग धरला की तो शेवटपर्यंत सोडत नाही. तसे एका भागात एकच काम सांगावे. प्रत्येक आकडा दोनदा उच्चारावा आणि शेवटी सगळ्या पायऱ्या पुन्हा मोजून द्याव्यात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. औषधाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा की हिरवा त्रिकोण आवाजात दिसत नाही. कीड कोणती, हेही नुसते ऐकून ओळखता येत नाही. अशा वेळी भागासोबत फोटो पाठवावा आणि लेबल वाचूनच औषध वापरा, असे बजावून सांगावे.

कचेरीचे काम असेल, तर प्रश्नोत्तरे

ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. अ‍ॅपमध्ये फोटो कुठून काढायचा, सामाईक खात्याचे काय, विहीर बागायत की कोरडवाहू लिहायचे, अशा शंका घरोघर असतात. येथे भाषण उपयोगाचे नाही. आठवडाभर लोकांचे प्रश्न त्यांच्याच आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि संबंधित कर्मचाऱ्याकडून एकेका प्रश्नाचे उत्तर घ्या. आपल्याच वाडीतला आवाज ऐकला की 'ही तर माझीच अडचण' म्हणून माणूस कान देतो.

सरपंच व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी एक गोष्ट विसरू नये. मुद्रित केलेला भाग फोनमध्ये वर्षभरही राहतो. मुदती आणि नियम मात्र बदलतात. म्हणून सुरुवातीलाच तारीख सांगावी. रोजचा बाजारभाव तर पॉडकास्टमध्ये घेऊच नये. तो लेखी संदेशाने द्यावा. शिळा भाव ऐकून कोणी माल घेऊन निघाला तर बोल तुमच्यावर येतो.

अनुभव ऐकवायचा, तर मुलाखत

एखाद्याने रुंद वरंबा सरीवर सोयाबीन घेतले आणि चार पैसे जास्त मिळाले. त्याच्या बांधावर जाऊन बोलणे मुद्रित करावे. पण 'उत्पन्न किती झाले हो?' एवढ्यावरच थांबू नये. जमीन किती खोल आहे? पाणी किती होते? यंत्र कोठून आणले, भाडे किती पडले? मजूर किती लागले? आणि कोणत्या वर्षी फसले? हा शेवटचा प्रश्न ज्या मुलाखतीत नाही, ती ऐकून दुसऱ्याने अनुकरण करू नये. भारी जमिनीतले यश हलक्या जमिनीवर जसेच्या तसे उतरत नाही.

मुलाखत घेणाऱ्याने कमी बोलावे. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा, वाऱ्याकडे पाठ करावी. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे जाऊ नये.

निर्णय सर्वांचा असेल, तर चर्चा

गावात पाणी किती, त्यावर कोणती पिके घ्यायची, नव्या बोअरला परवानगी द्यायची का, हे एकट्याने सांगून भागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीत घातली. ती गावाने एकत्र बसून ठरवल्यामुळे टिकली. अशा विषयावर बागायतदार, कोरडवाहू शेतकरी आणि पिण्याचे पाणी भरणारी एखादी ताई, असे तीन आवाज घ्यावेत. तिघांहून जास्त नकोत. चेहरा दिसत नसल्याने कोण बोलतो ते कळेनासे होते. सूत्रधाराने प्रत्येकाला नावाने हाक मारून बोलते करावे.

चर्चेचा भाग एकट्याने ऐकण्यापेक्षा बसून ऐकावा, याला आपल्याच भागातला पुरावा आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन केली. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न आकाशवाणीला कळवीत. पाहणीत असे आढळले की मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. मंडळ नसलेल्या गावांत, मग तिथे रेडिओ असो वा नसो, फारच थोडी. म्हणजे फरक नुसत्या यंत्राने पडला नाही, ऐकून बोलण्याने पडला. आज हाच प्रयोग ग्रामसभेआधी चावडीवर एक स्पीकर लावून करता येईल.

नाट्य-कथनाची घाई नको

श्रुतिका किंवा गावाची गोष्ट सांगणारा भाग ऐकायला गोड लागतो. पण लेखन, आवाज, जोडकाम यांत दिवस मोडतात. हंगामात एखादा करावा. सुरुवात त्याने करू नये.

खर्चाचा आणि कसाचा हिशेब

सुरुवातीला साधा मोबाईल चालतो. दहा मिनिटांचा बोलण्याचा भाग ६४ केबीपीएस एमपीथ्रीमध्ये पाच एमबीच्या आत बसतो. रेंज कमी असलेल्या वाडीवरही तो पोहोचतो. तेवढ्याच वेळेचा व्हिडिओ अडकतो.

गाजावाजा करण्यापूर्वी तीन भाग तयार करा. शेजारच्या दोन-चार जणांना ऐकवा. 'आवडला का?' असे विचारू नका. सगळे हो म्हणतील. 'आता उद्या तुम्ही काय कराल?' असे विचारा. शंभर दाणे, ओले गोणपाट, सत्तर कोंब, असे उत्तर आले तर साचा बरोबर बसला. 'छान बोलला गडी' एवढेच कोणी म्हणाले, तर तो भाग बाजूला ठेवा, साचा बदला आणि पुन्हा मुद्रित करा. पेरणीपूर्वी उगवण तपासायची सवय आपल्याला आहेच, तीच येथेही लावावी.