नळीला मानवेल ते काडतूस

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफलचे सुवर्णपदक पटकाविले होते. अशा यशाचे श्रेय आपण स्थिर हात, तीक्ष्ण दृष्टी आणि शांत मन यांना देतो व ते योग्यच आहे. परंतु या गुणांचे चीज व्हावयाचे, तर नळी आणि काडतूस यांचेही एकमेकांशी जुळावे लागते. आपली मुले-मुली आता या खेळाकडे वळत असताना ही जुळणी आपण समजून घेतलेली बरी.

काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे रेटतो. वायूचा दाब टिकून असेपर्यंत गोळीचा वेग वाढतो. दाब ओसरला की नळीशी होणारे घर्षण तिला मागे खेचू लागते. म्हणूनच दारू किती घालावी आणि ती किती झपाट्याने जळावी, हे नळीची लांबी पाहून ठरवावे लागते.

हा मेळ बिघडला म्हणजे काय होते, ते दुसऱ्या महायुद्धात दिसले. पोलिसांच्या खांद्यावर आपण कित्येक वर्षे पाहिलेल्या .३०३ रायफलची नळी सुमारे २५ इंचांची. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी जंगलातील लढाईसाठी तिची आखूड, हलकी आवृत्ती काढली. नळी १९ इंचांच्याही आत आली; काडतूस मात्र तेच राहिले. परिणामी नळीच्या तोंडाशी ज्वाळेचा लोळ उठू लागला. तो झाकण्यासाठी तेथे नरसाळे बसवावे लागले. बंदूक हलकी झाल्याने खांद्याला बसणारा धक्काही वाढला.

ऑलिंपिकच्या रायफलीचा प्रश्न निराळा आहे. तिचे .२२ काडतूस १८८७ पासूनचे. गोळी अवघी २.६ ग्रॅमची, दारू चिमूटभर. ही दारू साधारणतः १६ ते २० इंचांत आपले काम आटोपते. त्यापुढे नळी कितीही लांबविली, तरी वेग वाढत नाही. उलट किंचित घटतो. मग या रायफली एवढ्या लांब का? पुढची आणि मागची नेमखूण दूर असली की नेम अधिक बारकाईने धरता येतो म्हणून. याच कारणास्तव अनेक नेमबाज आखूड नळीपुढे नुसती पोकळ नळकांडी जोडतात. वेगाचा हव्यास येथे नाहीच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. स्पर्धेची गोळी त्याहून थोडी कमीच वेगाने सोडतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळते.

पिस्तुलाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या इंदूरजवळ महू येथील लष्कराच्या नेमबाजी पथकात तयार झालेले विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनला २५ मीटर पिस्तुलावर रौप्यपदक मिळविले. या पिस्तुलाची नळी नियमाने १५३ मिलिमीटरहून लांब असता येत नाही. एवढ्याशा नळीसाठी कारखाने सौम्य धक्क्याची निराळी काडतुसे बनवितात.

लांबीचे गणित सुटले, तरी जुळणी पुरी होत नाही. ५० मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरांचा फरक पडला, तर त्यांच्या उंचीत सुमारे ७ मिलिमीटरांचे अंतर पडते. शिवाय एकाच कारखान्याच्या, एकाच लांबीच्या दोन नळ्यांनाही काडतुसांची एकच खेप मानवेल असे नाही. म्हणून मोठे नेमबाज परदेशी कारखान्यांत आपली रायफल नेऊन ती पक्की आवळतात, प्रत्येक खेपेतील काडतुसे झाडून पाहतात आणि ज्या खेपेची छिद्रे सर्वांत जवळ पडतील तिचाच साठा घेतात.

आपल्या पालकांनीही यातून बोध घ्यावा. डबा महाग म्हणून तो उत्तम, असे समजू नये. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली तीन-चार खेपांतील थोडी काडतुसे आधी झाडून पाहावीत, मोजमाप वहीत टिपावे, आणि मगच वर्षाची खरेदी करावी. नळीवर कोरलेल्या मापाखेरीज दुसरे काडतूस तिच्यात कदापि घालू नये. एवढी काळजी घेतल्यास मुलाचा गुण हुकला, तो हाताने की काडतुसाने, हे तरी निश्चित सांगता येईल. आणि विनाकारण खचून जाण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.