घोड्याच्या पायातला जोडा

नवा जोडा चावतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. फारच त्रास झाला तर माणूस जोडा काढून हातात घेतो आणि अनवाणी घर गाठतो. घोड्याला ही सोय नाही. त्याच्या पायात काय घालायचे हे माणूस ठरवतो. ते चावले तर सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात. आधी तो थोडे जपून पाऊल टाकू लागतो आणि अखेरीस लंगडतो. म्हणूनच डोंगरवाटेवर जाणाऱ्या घोड्यासाठी खुरांचे बूट निवडणे, ही दुकानात जाऊन वस्तू आणण्याइतकी सोपी गोष्ट नाही.

प्रथम खुराविषयी. खूर दगडासारखा टणक दिसतो. परंतु तो जिवंत अवयवाचा भाग आहे. आपली नखे ज्या केराटिन नावाच्या द्रव्याची बनलेली असतात, त्याच द्रव्याचे खुराचे बाह्य कवच असते. ते महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढते. त्यामुळे पुढच्या बाजूला केसांच्या रेषेपासून जमिनीपर्यंत नवे कवच उतरायला जवळजवळ एक वर्ष लागते. खुराच्या तळव्यावर मागच्या बाजूने मध्यभागी येणारा एक त्रिकोणी, रबरासारखा लवचीक भाग असतो. घोड्याने भार टाकला की खुराची मागची बाजू किंचित फाकते आणि पाय उचलला की पूर्ववत होते. जमिनीचा हिसका पचवण्याचे काम अशा रीतीने प्रत्येक पावलागणिक चालू असते. साधारण ४५० किलो वजनाच्या घोड्याचे सुमारे साठ टक्के ओझे पुढच्या दोन पायांवर असते, हेही येथे ध्यानात ठेवायला हवे.

रानात मोकळेपणी हिंडणाऱ्या घोड्याच्या खुराची झीज आणि वाढ यांचा मेळ आपोआप बसतो. माणसाने त्याच्या पाठीवर खोगीर चढवले आणि खडीच्या वाटेने रोज कित्येक किलोमीटर नेले, की हा मेळ बिघडतो. झीज वाढीच्या पुढे जाते, तळवा पातळ होतो आणि एखादा टोकदार दगड लागला तर आतल्या आत रक्त साकळते. ही अडचण फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने घोड्यांविषयी लिहिताना खूर कणखर व्हावेत म्हणून त्यांना गोट्यांच्या जमिनीवर उभे करण्याचा सल्ला दिला आहे. पुढे रोमन लोकांनी लोखंडी तळाची पादत्राणे बनवली. ती पट्ट्यांनी किंवा दोरीने खुराला बांधत. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी या देशांत झालेल्या उत्खननांत त्यांचे नमुने सापडले आहेत. खिळे ठोकून बसवायची नाल युरोपात सर्रास वापरात आली ती त्यानंतर कित्येक शतकांनी. म्हणजे घालायचा आणि काढायचा जोडा ही कल्पना आजची नव्हे.

नालेची निंदा करण्याचे कारण नाही. कुशल नालबंदाने बसवलेली नाल कित्येक आठवडे टिकते, झीज थांबवते आणि स्वाराला रोज तिच्याकडे पाहावे लागत नाही. तथापि तिच्या काही मर्यादा आहेत. खिळ्यांमुळे कवचाला भोके पडतात. लोखंडाच्या कड्यात खुराचे फाकणे कमी होते. शिवाय तळव्याचा मधला भाग उघडाच राहतो. गुळगुळीत पृष्ठभागावर लोखंड निसटते, ही आणखी एक अडचण. पर्यटकांना पाठीवर नेणाऱ्या माथेरानच्या घोड्यांचे उदाहरण घ्या. तांबड्या मातीच्या वाटेवर त्यांची नाल चांगली चालते. परंतु त्याच वाटेवर फरसबंदी झाली की घोडे घसरतात, अशी तेथील घोडेवाल्यांची तक्रार आहे.

खिळ्यांवाचून खूर झाकण्याचा प्रयत्न अमेरिकेत १९७० च्या दशकात नव्याने सुरू झाला. ‘इझीबूट’ हे त्यातील सुरुवातीचे एक नाव. पॉलियुरेथेन या चिवट प्लॅस्टिकचा तो बूट प्रथम मोटारीच्या जादा चाकासारखा वापरला जाई. वाटेत नाल निखळली तर तो चढवायचा आणि घर गाठायचे. पुढे बुटांचे आकार सुधारले, मऊ पट्टे आले, आणि काही स्वार नाल काढून टाकून केवळ फेरफटक्यापुरते बूट चढवू लागले. घोडा एरवी मोकळ्या खुरांनी राहतो आणि खडकाळ वाटेवर निघाला की त्याच्या पायांत जोडे येतात.

अशा वाटेचे प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. सिएरा नेवाडा पर्वतातून ऑबर्न या गावापर्यंत जाणारी सुमारे १६० किलोमीटरची वाट एकाच घोड्यावरून २४ तासांच्या आत पार करण्याची ‘टेव्हिस कप’ नावाची स्पर्धा तेथे भरते. वेंडेल रोबी आणि त्यांच्या काही सोबत्यांनी १९५५ मध्ये ही वाट प्रथम अशी पार केली. वरच्या भागात ग्रॅनाइटचे खडक, खाली तापलेल्या खोल दऱ्या, पुढे अमेरिकन नदीचे पात्र आणि रात्रीचा चंद्रप्रकाश, असा हा प्रवास. दोन ठिकाणी एकेक तासाची सक्तीची विश्रांती असते आणि वाटेत पशुवैद्य घोडे पुनःपुन्हा तपासतात. घोडा लंगडताना आढळला की त्या स्वाराची स्पर्धा तेथेच संपते. मग तो कितीही पुढे असो. येथे नाल ठोकलेले घोडे धावतात, तसेच बूट घातलेलेही. परंतु कोणताही शहाणा स्वार नवा बूट प्रथमच घालून या वाटेवर उतरत नाही. बुटाची पारख त्याच्या कितीतरी आधी, घराजवळच्या सपाट जमिनीवर सुरू होते.

पहिले काम मापाचे. खूर छाटून कानशीने सारखा केल्यावर एकदोन दिवसांतच माप घ्यावे, कारण वाढलेल्या खुराचे माप फसवे असते. तळव्याची रुंदी जेथे सर्वांत अधिक तेथे मोजावी. लांबी पुढच्या टोकापासून टाचेच्या कठीण भागापर्यंतच मोजावी. त्यामागचा मऊ मांसल उंचवटा मापात धरू नये. पुष्कळांची चूक येथेच होते आणि बूट मोठा येतो. मापे मिलिमीटरमध्ये आणि चारही खुरांची वेगवेगळी लिहावीत. पुढचा खूर बहुधा गोलाकार, तर मागचा निमुळता असतो. एवढेच नव्हे, तर डाव्याउजव्यातही फरक आढळतो. जो बूट विनासायास सरकन चढतो तो बहुधा सैल असतो. चढवल्यावर दोन्ही हातांनी धरून पिळून पाहावा. खुरावर तो फिरला तर वाटेवर त्याहून अधिक फिरेल.

त्यानंतर परीक्षा घोड्याची नव्हे, बुटाची. परीक्षक मात्र घोडा. पहिली काही पावले तो पाय विचित्र उंच उचलतो. पाहणाऱ्याला हसू येते, पण ती केवळ नवलाई असते आणि थोड्याच वेळात संपते. पहिल्या दिवशी त्याला हाती धरून वीस मिनिटे चालवावे व बूट काढून पाहावे. टाचेवरचे केस उलटे फिरले असतील किंवा विस्कटले असतील, तर पुढे कातडी सोलवटणार याची ती पूर्वसूचना आहे. हाताला तेथे ऊब लागली तर बूट बदलावा. पट्टा आवळून हा प्रश्न सुटत नाही. सारे ठीक असेल तर दुसऱ्या खेपेस स्वार होऊन दोनतीन किलोमीटर जावे, मग चढउतार, मग चिखल आणि पाणी. चिखल बुटाला खाली ओढून धरतो आणि घोडा पाय उचलतो. सैल बूट नेमका याच वेळी मागे राहतो. बारीक खडे आत शिरले तर तेच कानशीसारखे काम करतात.

घोडा काय सांगतो हे ओळखण्याची एक जुनी रीत पशुवैद्यही वापरतात. टणक, सपाट जमिनीवर त्याला मोकळ्या दोरीने दुडक्या चालीने सरळ पळवावे आणि मानेकडे लक्ष द्यावे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर झटकतो. निरोगी पाय टेकताना ते खाली येते. डोळे मिटून ऐकले तरी टापांच्या तालातील खोट कळते. सुखावलेला पाय लांब पडतो आणि आधी टाच टेकतो; दुखणारा पाय आखूड पडतो. हीच चाल आधी अनवाणी आणि मग बूट घालून पाहावी. बुटाने चाल सुधारली नाही तर तो बूट कितीही महाग असला तरी त्या घोड्याचा नाही.

नालेला न लागणारी एक दगदग येथे कायमची असते. फेरफटका संपला की बूट काढावे, धुवावे, वाळवावे. ओलसर बूट तसेच पायांत ठेवून घोडा तबेल्यात बांधला तर कातडी मऊ पडून सोलवटते. चारसहा आठवड्यांनी खूर पुन्हा वाढलेला असतो, आणि गेल्या महिन्यात नीट बसलेला बूट चढता चढत नाही. तेव्हा कानस काढावी लागते. लांबच्या वाटेवर अनुभवी स्वार खोगिराला एक जादा बूट बांधून ठेवतो आणि पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी खाली उतरून चारही खूर एकेक करून उचलून पाहतो.