चिठ्ठी नव्हे, शिफारस

अमेरिकेत डॉक्टरने पेनिसिलीन लिहून दिले, की रुग्ण ती चिठ्ठी घेऊन कोणत्याही औषधाच्या दुकानात जातो. चिठ्ठीवर औषधाचे नाव असते, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हेही असते. तोच डॉक्टर रुग्णाला गांजा वापरून पाहायला सांगू शकतो, पण त्याची चिठ्ठी लिहून देऊ शकत नाही. तो फक्त दाखला देतो, की या व्यक्तीला अमुक आजार आहे आणि गांजाचा तिला उपयोग होऊ शकेल. याला ‘शिफारस’ म्हणतात. बहुतेक राज्यांत रुग्ण हा दाखला सरकारी खात्याकडे पाठवतो, ओळखपत्र मिळवतो आणि परवाना असलेल्या दुकानात जातो. या दुकानाला तिकडे डिस्पेन्सरी म्हणतात. आपल्याकडच्या दवाखान्याशी त्याची गल्लत करू नये, कारण तिथे डॉक्टर बसत नाही. काही राज्यांनी फार्मासिस्ट ठेवण्याची अट घातली, पण पुष्कळ ठिकाणी कोणता प्रकार घ्यावा आणि किती, हे काउंटरमागचा विक्रेताच सांगतो.

चिठ्ठी आणि शिफारस यांतला हा फरक कारकुनी वाटेल. प्रत्यक्षात रुग्णाला नेमके काय मिळते, त्याची तपासणी कोण करते आणि विकणारा कर किती भरतो, हे सगळे त्या एका फरकातून निघाले आहे. तो कसा पडला हे पाहू.

वनस्पती आपल्या ओळखीची आहे. तिची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस. भारताचा १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा हाच भेद पाळतो. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बी त्याच्या व्याख्येबाहेर आहेत. पाश्चात्त्य वैद्यकात ही वनस्पती शिरली तीही भारतातूनच. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यात केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पुढे अमेरिकेच्या औषधसंहितेतही तिचा समावेश झाला. १९३७ मध्ये जबर कर बसला आणि १९४२ मध्ये संहितेतून तिचे नाव निघाले. १९७० च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने अमली पदार्थांच्या पाच सूच्या केल्या व गांजा पहिल्या सूचीत घातला. पहिल्या सूचीचा अर्थ असा, की व्यसनाचा धोका मोठा आणि मान्य असा वैद्यकीय उपयोग काहीही नाही.

उपयोग नाही म्हणून सूचीत, आणि सूचीत म्हणून उपयोग तपासणे जवळजवळ अशक्य, असे हे चक्र आहे. १९६८ पासून २०२१ पर्यंत संशोधकाला कायदेशीर गांजा मिळण्याचे ठिकाण साऱ्या देशात एकच होते : मिसिसिपी विद्यापीठाचे शेत.

दरम्यान रसायनशास्त्र थांबले नव्हते. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, शुद्ध करून त्याची रचना ठरवली. १९८८ मध्ये मेंदूतील पेशींवर तो जिथे बसतो त्या ग्राही रेणूचा पुरावा मिळाला. कुलूप सापडले म्हणजे शरीराची स्वतःची किल्लीही असणार. ती १९९२ मध्ये सापडली आणि तिला ‘आनंदामाइड’ हे नाव दिले गेले, आपल्या संस्कृत ‘आनंद’वरून. (वर्गात सांगायला हरकत नाही, मुलांना रेणूंची नावे कंटाळवाणी वाटतात.)

याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत एड्सची साथ होती. रुग्णांची भूक जाई, वजन झपाट्याने उतरे. गांजा ओढल्यावर जेवण जाते, असे रुग्ण सांगत. त्याच शहरातले कर्करोगतज्ज्ञ डोनाल्ड एब्रम्स यांनी याची शास्त्रीय चाचणी करायचे ठरवले. कित्येक वर्षे त्यांना संशोधनासाठी गांजा मिळाला नाही. अखेर १९९७ मध्ये परवानगी मिळाली ती प्रश्न बदलल्यावर. गांजाने एड्सच्या रुग्णाला फायदा होतो का, हा प्रश्न आता नव्हता. एड्सवरच्या नव्या औषधांच्या कामात गांजामुळे बिघाड होतो का, हा होता. अपाय शोधायला वाट मोकळी होती, उपयोग शोधायला नव्हती. संशोधनक्षेत्रात काम करणाऱ्याला यातली खोच लगेच कळेल : ज्या बाजूचे प्रयोग होऊच दिले जात नाहीत, त्या बाजूचा पुरावा कागदावर नेहमीच कमी दिसणार.

रुग्ण तेवढे थांबायला तयार नव्हते. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव २१५’ बहुमताने मंजूर केला. औषधाला मान्यता मतपेटीतून मिळाली! प्रस्तावात कर्करोग, एड्स, काचबिंदू, अर्धशिशी असे आजार होते आणि शेवटी ‘गांजाने आराम पडतो असा अन्य कोणताही आजार’ अशी मोकळी जागाही होती. मात्र चिठ्ठीचे नियम केंद्राच्या हातात असल्याने मतदारांना ‘चिठ्ठी’ हा शब्द वापरता येईना. म्हणून ‘शिफारस’. अशी शिफारस करणाऱ्या डॉक्टरांचे परवाने काढून घेण्याची धमकी केंद्राने दिली, तेव्हा २००२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की रुग्णाला सल्ला देणे हे डॉक्टरचे भाषणस्वातंत्र्य आहे. म्हणजे ज्या दाखल्यावर पुढची सारी इमारत उभी राहिली, तो कायद्याच्या दृष्टीने उपचार नव्हे, मत आहे.

रुग्णाला मात्र हे संरक्षण पुरे पडले नाही. घरच्या घरी, स्वतःपुरती झाडे लावणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णाची सहा झाडे केंद्राच्या अधिकाऱ्यांनी उपटून नेली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदेशीर ठरवले. थोडा दिलासा मिळाला तो डिसेंबर २०१४ मध्ये, तोही अर्थसंकल्पातून : राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजनांत अडथळा आणण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करू नये, असे एक कलम जोडले गेले. असे कलम अर्थसंकल्पापुरतेच टिकते, म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावे लागले.

आज सुमारे चाळीस राज्यांत वैद्यकीय गांजाचे कायदे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. न्यूयॉर्कचा २०१४ चा कायदा कडक : आजारांची ठरावीक यादी, आणि फुले ओढण्यास मनाई, अर्क, तेल, कॅप्सूल एवढेच. ही मनाई २०२१ मध्ये उठली. उलट ओक्लाहोमात २०१८ च्या जनमतात आजारांची यादीच ठेवली नाही. अडीच हजार डॉलरमध्ये व्यवसायाचा परवाना मिळू लागला, हजारोंनी शेते निघाली आणि अखेर २०२२ मध्ये नवे परवाने थांबवावे लागले. एकाच माणसाचा एकच आजार एका राज्यात ‘पात्र’ ठरतो आणि शेजारी ठरत नाही. शरीरशास्त्र राज्याच्या हद्दीवर बदलत नाही हे उघड आहे. बदलते ती विधिमंडळातील तडजोड.

मात्रेचे पाहा. फ्लोरिडात ओढण्याच्या फुलांची मर्यादा ३५ दिवसांना अडीच औंस, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम आहे. रोजचे दोन ग्रॅम झाले. फुलात १५ टक्के टीएचसी असेल तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम, २५ टक्के असेल तर ५००. जाळताना बराच भाग वाया जातो हे खरे आणि ही कमाल मर्यादा आहे हेही खरे. पण तुलनेसाठी ध्यानात घ्या, की कृत्रिमरीत्या बनवलेले टीएचसी कॅप्सूलच्या रूपात अमेरिकेत १९८५ पासून चिठ्ठीवर मिळते, आणि त्या कॅप्सूल अडीच, पाच व दहा मिलिग्रॅमच्या असतात. फुलांच्या या मर्यादेत वजन आहे, मात्रा नाही. मग सारा भरवसा लेबलवरच्या टक्केवारीवर.

ही टक्केवारी मोजणेही सोपे नाही. ताज्या फुलात टीएचसी थोडे असते. असते ते बहुतांशी त्याचे आम्ल, टीएचसीए. उष्णता दिली की त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निघून जातो आणि टीएचसी उरते. आम्लाचा रेणुभार सुमारे ३५८, त्यातून ४४ गेले, उरले ३१४. ३१४ भागिले ३५८ म्हणजे ०.८७७. म्हणून २० टक्के आम्ल असलेल्या फुलातून फार तर साडेसतरा टक्के टीएचसी मिळेल. अकरावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर सहज होईल. नमुना वायुरूप करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीत यंत्राच्या उष्णतेनेच आम्ल मोडते. द्रवरूप पद्धतीत दोन्ही घटक वेगळे दिसतात. त्याशिवाय नमुना झाडाच्या कोणत्या भागातून घेतला, ओलावा किती धरला, यानेही आकडा हलतो.

आणि तपासणीचे पैसे कोण देतो? बहुतेक राज्यांत उत्पादकच. टीएचसी जास्त तर भाव जास्त, त्यामुळे उत्पादक मोठा आकडा देणारी प्रयोगशाळा शोधतो. कोलोरॅडोतल्या दुकानांतून घेतलेल्या फुलांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लेबलांवर सरासरी २० टक्क्यांच्या वर आकडे होते, प्रत्यक्षात सरासरी १५ च्या आसपास निघाली. संशोधकांनी घेतलेले नमुने थोडे होते, पण फरक लहान नाही.

कीटकनाशकांची गोष्ट तर आपल्या नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला चटकन कळेल. भुरीवर मायक्लोब्युटॅनिल फवारतात. द्राक्ष आपण खातो, तेव्हा त्याचा अंश ठरलेल्या मर्यादेत असला की चालतो. गांजाचे फूल जाळले जाते, आणि मायक्लोब्युटॅनिल तापवल्यावर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू शकतो. केंद्राच्या दृष्टीने पीकच बेकायदा, म्हणून कोणते औषध किती फवारावे हे केंद्रीय पर्यावरण संस्थेने ठरवून दिले नाही. कोलोरॅडो, ऑरेगन यांनी आपापल्या याद्या केल्या, चुकत-माकत.

व्यापाऱ्याचीही एक अडचण सांगतो. १९८२ मध्ये आयकर कायद्यात २८०-ई हे कलम आले : पहिल्या व दुसऱ्या सूचीतल्या पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचा खर्च वजा करता येणार नाही, मालाची किंमत तेवढी वजा होईल. समजा दुकानाची विक्री १०० डॉलर, मालाची किंमत ६०, भाडे-पगार ३०, नफा १०. एरवी २१ टक्क्यांनी कर २ डॉलर १० सेंट. या कलमाखाली तो ४० डॉलरवर लागतो, म्हणजे ८ डॉलर ४० सेंट. उरलेल्या १ डॉलर ६० सेंटमध्ये दुकानदाराने चांगली प्रयोगशाळा निवडावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा तिसऱ्या सूचीत नेण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला, तेव्हा व्यापाऱ्यांचे डोळे लागले ते बरेचसे या कलमाकडे. रुग्णाच्या दृष्टीने सूची बदलणे म्हणजे चिठ्ठी मिळणे नव्हे. चिठ्ठीसाठी त्या त्या औषधाला अन्न व औषध प्रशासनाची मान्यता लागतेच.

ती कशी मिळते याचे उदाहरण याच झाडातले आहे. नशा न आणणाऱ्या सीबीडी या घटकाची ड्रावे नावाच्या बालवयातल्या अपस्मारावर चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. १२० रुग्ण, काहींना औषध, काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रावण. औषध घेणाऱ्यांत महिन्याला येणाऱ्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. दुसऱ्या गटात १४.९ वरून १४.१. झोपाळूपणा, जुलाब, यकृताच्या विकरांत वाढ हे त्रासही नोंदले गेले. जून २०१८ मध्ये ‘एपिडिओलेक्स’ या नावाने त्याला मान्यता मिळाली. एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, प्रत्येक बाटलीत तेवढेच. ही बाटली घेऊन मुलाचे आईबाप ओक्लाहोमातून शेजारच्या कॅन्ससमध्ये राहायला जाऊ शकतात, तिथल्या औषधाच्या दुकानात पुढची मागवू शकतात. ओक्लाहोमातल्या डिस्पेन्सरीत घेतलेली टीएचसीची बरणी त्यांना हद्दीच्या अलीकडेच ठेवावी लागते.