दऱ्यांचा दर्या आणि आमच्या साइटची डागडुजी

मंडळी, आपल्या ट्रेकिंग क्लबला स्वतःची वेबसाइट आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राहू दे, हात वर करू नका. २००२ साली तेव्हाच्या थर्ड इयरवाल्यांनी लॅबमध्ये रात्री जागून ती बनवली. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, वरून सरकत जाणारी सूचना, 'आपण अमुकावे पाहुणे' असं सांगणारा आकडा आणि पहिल्याच पानावर प्रेमळ दटावणी : 'मराठी दिसत नसल्यास शिवाजी फॉन्ट उतरवून घ्या.' हसू येतं खरं, पण आत १४३ किल्ल्यांची पानं आहेत. वीस वर्षं दर रविवारी पायपीट करून कुणी ना कुणी ती लिहिली आहेत.

मी या भानगडीत पडले ती पाण्यामुळे. मागच्या एप्रिलमध्ये आम्ही सात जण एका किल्ल्यावर गेलो. (नाव सांगत नाही, किल्ल्याची काही चूक नव्हती.) साइटवर स्वच्छ लिहिलं होतं, 'माथ्यावरील टाक्यात पिण्याचे पाणी बारमाही उपलब्ध.' म्हणून प्रत्येकी एकच बाटली घेतली. वर पोचलो तर टाक्यात गाळ, आणि गाळात एक चप्पल! उतरताना फर्स्ट इयरच्या एका मुलाला उन्हाने चक्कर आली. पायथ्याच्या वाडीतल्या एका मावशींनी हंडाभर पाणी दिलं म्हणून निभावलं. होस्टेलवर परत आल्यावर ते पान पुन्हा उघडलं. ते वाक्य कधी लिहिलंय याचा पत्ताच नाही. ट्रेकला गेलेल्यांच्या नावांवरून बॅच शोधून काढली, तेव्हा कळलं, ट्रेक डिसेंबर २००४ चा. डिसेंबरात पाणी असणारच की! लिहिणाऱ्याने थाप मारली नव्हती. त्याने फक्त तारीख टाकली नव्हती.

तर ठरवलं, सेमिस्टर संपलं की साइट नवी करायची. रंग बदलायचे, मोबाइलवर नीट दिसेल असं करायचं, पंधरा दिवसांचं काम. (सीनियर लोक इथे हसले तरी चालेल.)

पहिली आपटी फॉन्टची. जुन्या मराठी फॉन्टची गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नसतंच. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, फक्त फॉन्टने त्यांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की खाली नुसती खिचडी! मोबाइलवर तो फॉन्ट कोण घालणार? आणि 'राजमाची' म्हणून शोधलं तर सापडणार काय, त्या फाइलमध्ये 'राजमाची' हा शब्दच नाही. बनवणाऱ्यांना दोष देऊ नका. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये तिची नीट सोय झाली ती विंडोज २००० पासून, आणि लॅबमधल्या मशीनवर तेव्हा विंडोज ९८ होतं.

म्हटलं, एक छोटा प्रोग्रॅम लिहू, या अक्षराच्या जागी ते अक्षर, झालं! झालं कसलं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं उलटं, तो जुन्यात नंतर यायचा, युनिकोडमध्ये आधी. आता बघा, 'किल्ला' शब्दात ऱ्हस्व वेलांटी आणि 'दुर्ग' शब्दात रफार. म्हणजे ज्या साइटवर हे दोनच शब्द हजार वेळा येतात, तिथे नेमके तेच मोडले. वेलांट्या नि रफार जागेवर आणायला आठवडा गेला. तरी एक घोळ राहिलाच. 'दऱ्या'मधला तो अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे मी जिथून नियम उचलले होते तिथे तो नव्हता. परिणाम, सह्याद्रीच्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला! 'खोल दर्यात डोकावून पाहिले' असं वाक्य राजगडाच्या पानावर वाचलं आणि क्षणभर वाटलं, समुद्र दिसत असेल तिथून. मी कॉन्व्हेंटची. मराठी म्हणजे मला एक विषय होता, तोही कसाबसा पास व्हायचा. चूक माझ्या लक्षातच आली नसती, आईने फोनवर हसून सांगितली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वापरायला सोपं म्हणजे काय, हे बनवणाऱ्याने ठरवायचं नसतं. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली लिहिलं होतं, की नुसत्या पाच माणसांना वापरायला देऊन बघा, बहुतेक अडचणी उघड्या पडतात. मी पाच जण पकडले : फर्स्ट इयरचे दोघे, एक रूममेट, लायब्ररीतल्या मॅडम आणि रात्रपाळीचे वॉचमन काका. जुनीच साइट (अक्षरं तेवढी युनिकोडमध्ये आणलेली) समोर ठेवली आणि एकच काम दिलं, 'शनिवारी राजमाचीला जायचंय, वाट शोधा.' नियम असा की आपण शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. फार अवघड जातं हो! माणूस चुकीच्या जागी क्लिक करत असतो आणि 'अहो, तिथे नाही, वर!' हे जिभेवर आलेलं गिळावं लागतं.

पाचांपैकी एकालाही वाट सापडली नाही. कारण वरच्या पट्टीवर शब्द होते 'गवाक्ष', 'मागोवा', 'साद' आणि 'दुर्गवैभव'. सुंदरच आहेत, पण गवाक्षाआड फोटो आहेत हे कुणाला कळणार? (मला तर गवाक्ष म्हणजे एखादं फळ वाटलं होतं.) आता तिथे 'किल्ले', 'फोटो', 'पुढचा ट्रेक' असं लिहिलंय. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, वाट ऱ्हाऊ दे, मला तर समदं पिवळंच दिसतंय." त्यांचं बरोबर होतं. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात यासाठी नियम आहेत, त्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं सांगितलंय. आता पांढऱ्यावर काळी अक्षरं आहेत. दिसायला साधी आहेत, पण काकांना वाचता येतात.

मग किल्ल्यांची यादी कशी लावायची? चिठ्ठ्यांवर किल्ल्यांची नावं लिहून पोरांपुढे टाकली, म्हटलं गठ्ठे करा. आजच्या मुलांनी केले 'एका दिवसात होणारे' आणि 'मुक्कामाचे'. क्लबच्या जुन्या दादा-तायांनी केले डोंगररांगांप्रमाणे, कळसूबाई रांग, सेलबारी-डोलबारी रांग वगैरे. दोन्ही बरोबर, म्हणून दोन्ही ठेवले.

वाटांच्या बाबतीत मात्र मी कुणाला विचारलं नाही. हरिश्चंद्रगडाच्या जुन्या पानावर 'पाचनई, खिरेश्वर, नळीची वाट' असं एका ओळीत लिहिलं होतं, जणू तीन बसची नावं! पाचनईची वाट नवखा माणूसही चढू शकतो. नळीची वाट म्हणजे बेलपाड्याहून कोकणकड्याच्या अंगाने सरळ वर, तिथे दोर आणि अनुभवी माणूस हवाच. आता सोपी वाट आधी आणि अवघड शेवटी, वेगळ्या चौकटीत, कारणासकट.

आता माझी फजिती. पहिल्या झटक्यात मी पहिल्या पानावर सरकणारे मोठ्ठाले फोटो टाकले. होस्टेलच्या वाय-फायवर काय दिसत होतं म्हणून सांगू! मग लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला निघालो, मध्येच फाटा आला, पान उघडायला गेले तर नुसतं गोल गोल फिरतंय. चार एमबीचं पान, आणि रेंजची एकच काडी. जुनं हिरवं-पिवळं पान तिथे क्षणात उघडलं असतं! परत येऊन फोटो खाली ढकलले, मजकूर वर आणला आणि एका कागदावर छापून नेता येईल अशी सोय केली. २००२ च्या बॅचला ती अक्कल आधीच होती, त्यांच्या साइटवर छापण्यासाठी वेगळं पान होतंच. मीच ते निरुपयोगी समजून उडवलं होतं.

उडवण्यावरून आठवलं, मी जुने ट्रेकचे लेखही काढणार होते. लांबलचक, त्यात कुणी भजी तळली, कुणाचा बूट फाटला. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी बोंब झाली! एका दादांनी २००६ च्या बॅचच्या टी-शर्टचा फोटो पाठवला, पाठीवर एका पानाचा अख्खा पत्ता छापलेला, डॉट एचटीएमसकट. 'हा पत्ता चालला नाही तर टी-शर्ट तू बदलून देणार का?' दादांचं म्हणणं पटलं. डिग नावाच्या साइटने २०१० मध्ये एका रात्रीत सगळं बदललं, तेव्हा चिडलेले वाचक रेडिटकडे गेले, हे मी वाचलेलं होतं, तरी तेच करायला निघाले होते. आता जुना प्रत्येक पत्ता आपोआप नव्या पानावर नेतो आणि लेख शब्दही न बदलता, वर साल टाकून जसेच्या तसे ठेवलेत.

आणि पाणी? प्रत्येक पानावर सगळ्यात वर एक चौकट आहे : पाणी, मुक्काम, शेवटची एसटी. प्रत्येकापुढे कुणी पाहिलं आणि कोणत्या महिन्यात पाहिलं, हे लिहिल्याशिवाय मजकूर चढतच नाही, प्रोग्रॅमच अडवतो. त्यामुळे आज बऱ्याच चौकटी रिकाम्या आहेत. काहींना ते ओकंबोकं वाटतं. माझ्या मते 'बारमाही'पेक्षा रिकामी चौकट बरी, निदान माणूस दोन बाटल्या जास्त घेतो.

१४३ पैकी ८२ पानं तपासून झालीत, ६१ बाकी आहेत, आणि त्यांत अजून कुठे कुठे दर्या उसळत असणार. ज्यांचं मराठी माझ्यापेक्षा बरं आहे (म्हणजे जवळजवळ सगळेच!) त्यांनी रविवारी मेसच्या जेवणानंतर लॅबमध्ये यावं. चहा माझ्याकडून, बिस्किटं आपापली आणा.