झिओलाइट गोळा करते, इलेक्ट्रोड मोजतो

पुण्याजवळच्या वाघोलीत किंवा जळगावच्या दगडखाणींत बेसाल्ट फोडला, की त्यातल्या पोकळ्यांमध्ये स्टिलबाइट, ह्यूलँडाइट यांचे देखणे स्फटिक सापडतात. संग्राहक ते शोभेसाठी घेतात. पण ही खनिजे ज्या झिओलाइट कुळातली आहेत, त्या कुळाचा उपयोग पाण्यातले विषारी धातू मोजणाऱ्या संवेदकांतही होतो. त्यासाठी बहुधा क्लिनोप्टिलोलाइट हे नैसर्गिक झिओलाइट किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेले ‘ए’ आणि ‘वाय’ हे प्रकार घेतात.

आधी अडचण समजून घेऊ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. धातू इतके विरळ असलेल्या पाण्यात साधा इलेक्ट्रोड बुडवला, तर धातूमुळे मिळणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण असतो की तो ओळखूच येत नाही. म्हणून मोजण्याआधी धातू एका जागी गोळा करावा लागतो. झिओलाइटचे काम हेच.

झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा असतो. सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम आला, की तिथे एक ऋण भार उरतो. तो भरून काढायला सोडियम, कॅल्शियमसारखे धन आयन सांगाड्याच्या पोकळ्यांत येऊन बसतात. ते घट्ट बांधलेले नसतात. पाण्यातले शिसे आत शिरते आणि सोडियम बाहेर पडतो. पोकळीचे दारही ठरावीक मापाचे असते. सोडियम असलेल्या ‘ए’ प्रकारात ते सुमारे ०.४ नॅनोमीटर रुंद असते, ‘वाय’मध्ये साधारण ०.७४. त्याहून मोठा कण आत जात नाही.

मात्र झिओलाइटमधून वीज वाहत नाही. म्हणून त्याची बारीक पूड ग्रॅफाइटच्या पुडीत मिसळतात, त्यात खनिज तेल घालून घट्टसर पेस्ट करतात आणि ती बारीक नळीच्या टोकाशी दाबून बसवतात. हा झाला इलेक्ट्रोड.

आता मोजणी. इलेक्ट्रोड नमुन्याच्या पाण्यात काही मिनिटे ठेवून पाणी ढवळत राहतात. शिसे आणि कॅडमियम पोकळ्यांत साठतात. मग इलेक्ट्रोड धुऊन सोडियमचा क्षार असलेल्या स्वच्छ द्रावणात ठेवतात. सोडियम पुन्हा आत शिरतो आणि अडकलेले धातू बाहेर ढकलतो. त्याच वेळी इलेक्ट्रोडला बराच ऋण व्होल्टेज दिलेला असल्याने ते शेजारच्या ग्रॅफाइटवर धातुरूपात जमतात. शेवटी व्होल्टेज हळूहळू धन बाजूकडे नेला, की एकेक धातू पुन्हा विरघळतो आणि विद्युतप्रवाहाच्या आलेखावर शिखर उमटते. चांदी–सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी तुलना करता कॅडमियमचे शिखर साधारण उणे ०.८ व्होल्टच्या आसपास येते, शिशाचे उणे ०.५ च्या आसपास. शिखराची जागा धातू कोणता ते सांगते आणि उंची किती ते सांगते.

झिओलाइट ‘ए’ वापरताना द्रावणात सोडियमऐवजी टेट्राब्युटिलअमोनियमसारखा मोठा आयन घेतला, तर तो पोकळीत शिरू शकत नाही. साहजिकच धातू बाहेर येत नाही आणि शिखर जवळजवळ नाहीसे होते. अदलाबदल थांबली की मापनही थांबते, हे यातून दिसते.

कधी कधी झिओलाइटमध्ये बदलही करावा लागतो. तो कशासाठी? क्रोमेट आणि आर्सेनेट हे आयन ऋण असतात, त्यामुळे ऋणभारित सांगाडा त्यांना जवळ करत नाही. अशा वेळी झिओलाइटवर एचडीटीएमए या लांब शेपटीच्या धनभारित साबणसदृश रेणूचा लेप देतात. हा रेणू पोकळीत मावत नाही. तो बाहेरच्या पृष्ठभागावर दुहेरी थर करतो आणि पृष्ठभाग धनभारित होतो. मग क्रोमेट तिथे धरला जातो. तेलकट शेपट्यांमुळे फिनॉलसारखे सेंद्रिय प्रदूषकही चिकटतात. दुसऱ्या पद्धतीत सोडियमच्या जागी चांदी किंवा तांबे बसवतात. ते काही प्रदूषकांची इलेक्ट्रोडवरची अभिक्रिया सोपी करतात.

मर्यादाही आहेत. कठीण पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम पोकळ्यांतल्या जागा बळकावतात. तीव्र आम्लात सांगाड्यातला अॅल्युमिनियम निघून जातो. कुजलेल्या पालापाचोळ्यातली सेंद्रिय द्रव्ये पृष्ठभाग माखून टाकतात. म्हणून त्याच पाण्यात धातूची माहीत असलेली मात्रा घालून शिखर किती वाढते, हे तपासल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

अनेक विहिरींमधून संशयास्पद पाणी निवडण्यासाठी हा संवेदक उपयोगी पडू शकतो, कारण त्याचे साहित्य स्वस्त आणि उपकरण हाताळण्याजोगे असते. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हा अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेच्या तपासणीवरच घ्यावा.