वेळापत्रक पोरांच्या हाती

नाताळच्या दिवशी मुंबईहून निघायचं तर त्या गाडीचं आरक्षण २६ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता उघडतं. १ मेला निघायचं तर २ मार्चला. पूर्वी चार महिने आधी तिकीट काढता यायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने ही मुदत साठ दिवसांवर आणली आणि त्या साठात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. हा हिशेब आपल्यापेक्षा आठवी-नववीतली पोरं पटकन करतात. बाकीचं नियोजनही त्यांच्याच हातून सुरू व्हावं, असं माझं मत आहे.

लहान मुलांना गाडीत खिडकी, खाऊ आणि झोप एवढं पुरतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं तसं नसतं. आपण ठरवलेल्या सहलीत त्याला नुसतं नेऊन बसवलं, तर तो वरच्या बर्थवर मोबाइलमध्ये तोंड खुपसून पडून राहतो आणि दोन हजार किलोमीटर गेल्यावर विचारतो, "आलं का?" दोष त्याचा नसतो. सगळं आपण ठरवलेलं. त्याने करायचं काय? गाडी कोणती, ती कुठल्या प्रदेशातून दिवसाउजेडी जाते, कुठे उतरायचं, खायचं काय आणि किती पैशांत, यातलं निम्मं तरी त्याच्याकडे सोपवलं की तो खिडकीशी येतो. निदान आपलं गणित बरोबर आलं का, हे बघायला तरी येतोच.

उदाहरणासाठी मुंबई–हावडा–दार्जिलिंग हा मार्ग घेऊ. नागपूरवरून जाणारा हावड्याचा रस्ता १,९६८ किलोमीटरचा आहे. त्याच्या पुढे, हिमालयाच्या पायथ्यापासून, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची १८८१ सालची गाडी. देशातली लांब आणि देशातली चिमुकली, दोन्ही एकाच सहलीत बसतात.

पहिला प्रश्न, कुठल्या गाडीने जायचं? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं: जी लवकर पोचते ती. मुलांना मात्र वेळापत्रक काढून वेगळा प्रश्न विचारायला सांगा. कुठला प्रदेश दिवसा दिसेल? गीतांजली एक्सप्रेस मुंबईहून पहाटे सुटते. कसारा घाट, नाशिक, खानदेश आणि विदर्भ दिवसाउजेडी दिसतात, नागपूरला संध्याकाळ होते. छत्तीसगड झोपेत निघून जातं आणि झारखंडमध्ये उजाडतं. रात्री सुटणारी हावडा मेल याच्या उलट वागते. बराचसा महाराष्ट्र अंधारात, छत्तीसगड दिवसा, आणि हावड्याला तिसऱ्या दिवशी पहाटे. पुण्याची आझाद हिंदही साधारण याच जातीची. ती हावड्याला इतक्या पहाटे टाकते की हॉटेलात खोली मिळायची पंचाईत होते. वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून त्या आयआरसीटीसीवर ताज्या बघाव्यात. पोरांसोबत माझी पसंती गीतांजलीला.

त्या पसंतीला आणखी एक कारण आहे. ही गाडी १९७७ च्या डिसेंबरात सुरू केली ती तेव्हाचे रेल्वेमंत्री मधू दंडवते यांनी. ते कोकणातल्या राजापूरचे खासदार. पहिल्या वर्गाचा डबाच नसलेली लांब पल्ल्याची गाडी ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम चढला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. आज गीतांजलीला वातानुकूलित डबे आहेत आणि फोमचं कुणाला काही वाटत नाही. तरी स्लीपरच्या बर्थवर पाठ टेकताना नागरिकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला हे सांगायला हरकत नाही.

आता तिकीट. खातं तुमचं, बोटं त्यांची. बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण भाडं लागतं. पाच ते बारामधल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तरी पूर्णच. बर्थ नको असेल तरच अर्धं. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण मावतात, तेव्हा दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर दोन तिकिटं आणि दोघांच्या हातात दोन मोबाइल, हे आधीच ठरवून ठेवा. ऑनलाइन तिकिटावरचे सगळेच प्रवासी वेटिंगवर राहिले तर चार्ट लागल्यावर ते आपोआप रद्द होतं. चौघांपैकी दोघांनाच जागा मिळाली तर ते चालू राहतं, पण मग दोन बर्थवर चार माणसं. तरुण मुलगी आणि तिचा सहा फुटी भाऊ सोबत असताना ही रात्र फार मोठी होते. तात्काळची आशा धरू नये. ते आदल्या दिवशी सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला बिगर-वातानुकूलित डब्यांसाठी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत बघता बघता संपतं.

भाड्यात एक छान गणित दडलेलं आहे. अंतर वाढतं तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. म्हणून मुंबई–नागपूर आणि नागपूर–हावडा अशी दोन तिकिटं काढली तर थेट तिकिटापेक्षा महाग पडतं. हे मुलांना सांगू नका, त्यांना शोधू द्या. दोन्ही भाडी बघून एखादी मुलगी तावातावाने "ही लूट आहे" म्हणाली की समजा, तिला कळलं.

थ्री टियरच्या एका कप्प्यात सहा बर्थ आणि बाजूला दोन असतात. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर, ८ साइड अप्पर. डबाभर हाच क्रम आठ-आठने पुढे जातो. ३७ क्रमांकाचा बर्थ कुठला, हे ज्या पोराला तोंडी सांगता येतं त्याला डब्यात कुणी हुसकावत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना वरचा बर्थ द्यावा. त्यांना हवा असतो तो एकांत तिथेच मिळतो. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच वेळ उघडायचा हा नियम त्यांनाही माहीत असू द्या, म्हणजे दुपारी दोनला तिथे आडवं होऊन ते खालच्या आजोबांची मान वाकडी करत नाहीत.

स्लीपर की एसी, यावर घराघरांत भांडणं होतात. स्लीपरची खिडकी उघडते, वारा लागतो, स्टेशनचे वास येतात. एसीच्या दुहेरी काचेतून सगळा देश थोडा पिवळट दिसतो. पण डिसेंबरातली छत्तीसगडची रात्र चांगलीच गार असते आणि सुट्टीत स्लीपरमध्ये आरक्षण नसलेल्यांचीही दाटी होते. मुलगी सोबत असेल तर मी थ्री टियर एसी घेईन आणि काच पुसायला एक जुनं फडकं.

मुलीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट उघड बोलून ठेवावी. प्रवासाच्या तारखा आणि पाळीच्या तारखा जुळण्याची शक्यता असतेच. पॅड, जुने वर्तमानपत्राचे कागद, गडद रंगाची पिशवी आणि हात धुण्याचा साबण असा एक छोटा संच तिच्याच पिशवीत, वरच्या कप्प्यात हवा. संडासात पॅड टाकायचं नाही, डस्टबिनमध्ये टाकायचं. हे बाबांनाही माहीत असावं, म्हणजे भलत्या वेळी "काय झालं?" असं डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कुणी विचारत नाही.

सामान ज्याचं त्याने उचलायचं. एकाला एकच पिशवी, आणि ती घरातल्या जिन्यावरून वरखाली नेऊन दाखवल्याशिवाय पक्की करायची नाही. खाण्याचं पहिल्या दिवसाचं घरचं असावं: दशम्या, तिळाची किंवा लसणाची चटणी, धपाटे. पुढचं पोरांच्या हातात द्यावं. दिवसाची ठरावीक रक्कम त्यांच्याकडे, आणि चौघांचं पोट त्यात भरायचं. पीएनआर टाकून ठरावीक स्टेशनांवर डब्यात जेवण मागवता येतं. गाडी उशिरा धावत असेल तर मात्र जेवण कुठल्या स्टेशनवर येईल हे पुन्हा बघावं लागतं. फलाटावर उतरायचं ते पाच मिनिटांहून मोठा थांबा असेल तरच, हा नियम निघण्याआधी ठरवा. दारात उभं राहायचं नाही, हाही. यावर चर्चा नाही.

खिडकीबाहेरचा भाग मोठ्या मुलांसोबतच खरा रंगतो. कसाऱ्याला गाडी थांबते ती ढकलायची इंजिनं मागे जोडायला. पुढे इगतपुरीपर्यंत चढ आहे तो सदतीस फुटांना एक फूट. त्यानंतर जळगाव-भुसावळच्या केळीच्या बागा, मग विदर्भातला कापूस. ही काळी जमीन लाव्हारसाच्या खडकातून झालेली, आणि नागपूरच्या आसपास तो खडक संपतो. त्यापुढचा दगड आणि माती वेगळी. दगडाचा हा बदल पुस्तकात एका ओळीत उरकतो. इथे त्याला अख्खा दिवस लागतो.

नागपूरला संत्रा बर्फी घ्यावी आणि झोपावं. भिलाई मध्यरात्रीच्या सुमारास जातं. ज्याला जाग असेल त्याला पोलाद कारखान्याचे दिवे दिसतील. तो सोव्हिएत मदतीने उभा राहिला, आणि पहाटे येणारं राउरकेला पश्चिम जर्मनीच्या. एकाच पंचवार्षिक योजनेत, शीतयुद्धाच्या दोन बाजूंकडून. राउरकेला मागे पडलं की सारंडाचं सालवन लागतं. इथे मोबाइलची रेंज जाते-येते आणि पोरांची मान आपोआप वर होते.

मग टाटानगर. १९०७ साली टाटांनी पोलाद कारखान्याची कंपनी काढली, तेव्हा तिचे समभाग मुंबईतल्या सामान्य लोकांनीही घेतले होते. जागा ठरण्याचं कारण भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस. मयूरभंजच्या डोंगरात लोहखनिज आहे, असं त्यांनी टाटांना कळवलं होतं. जवळ दगडकोळसा आणि सुवर्णरेखा-खरकाई या नद्यांचं पाणी. स्टेशनचं मूळ नाव कालीमाटी. कारखाना इथेच का, हा परीक्षेतला प्रश्न इथे तीन मिनिटांत सुटतो.

खरगपूरचा १,०७२ मीटरचा फलाट एकेकाळी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जगातला सर्वांत लांब होता. मग गोरखपूर पुढे गेलं, २०२३ पासून हुबळी. तुमच्या वेळचं पाठांतर तिथे बोलून दाखवा; पोरं लगेच चुका काढतील, आणि काढू द्यात. याच टप्प्यात डब्यात झालमुडीवाले चढतात. त्यांच्याकडचं तिखट पोरांच्या बजेटात बसतं.

दुपारी हावडा. इथे एक रात्र, जमलं तर दोन, राहाच. पुढची गाडी त्याच दिवशीची घेऊ नये. लांब पल्ल्याच्या गाडीला दोन-तीन तास उशीर होणं नेहमीचं. हावडा आणि सियालदा ही दोन वेगळी स्टेशनं, मध्ये हुगळी. ऑगस्ट २०२५ पासून नदीच्या तळाखालून धावणारी मेट्रो दोन्ही स्टेशनांना सलग जोडते. मुलांना हावडा ब्रिज चालत दाखवावा आणि परतताना त्याच नदीच्या खालून आणावं. उरलेली ट्राम शोधून तिच्यात बसावं. कोलकात्यात एवढं झालं तरी पुष्कळ. भारतीय संग्रहालय मोठं आहे, पण एका दिवसात उरकायला गेलात तर पोरं ममीपाशीच थकतात.

तिथून न्यू जलपाईगुडी. सियालदाहून रात्री सुटणारी दार्जिलिंग मेल जुनी आणि लोकप्रिय, पण मी हावड्याची सकाळची वंदे भारत सुचवीन, केवळ फराक्क्यासाठी. तिथे गाडी गंगेवरच्या बंधाऱ्यावरून जाते. १९७५ पासून इथून गंगेचं पाणी कालव्याने हुगळीकडे वळवतात. बांगलादेशाशी त्या पाण्याचा १९९६ चा करार तीस वर्षांचा आहे. रात्रीच्या गाडीतून हे काहीच दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र या पट्ट्यात धुकं असतं. नागपूरचा रस्ता त्यातून बराचसा वाचतो, हा नाही.

दार्जिलिंगची छोटी गाडी समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवरून निघून घूम स्टेशनला २,२५८ मीटरवर चढते. दात्यांची पट्टी नाही, काही नाही. फक्त वळसे, आणि पुढे-मागे होत डोंगर चढणारे झेडच्या आकाराचे टप्पे. १९९९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. पूर्ण प्रवासाला सात तासांहून जास्त लागतात, आणि जीप त्याच्या निम्म्याहून कमी वेळात नेते. इंजिनांचं वेड असलेलं पोर घरात असेल तर सात तास सुखाचे जातील. नसेल तर जीपने वर जावं आणि दार्जिलिंग–घूमची दोन तासांची फेरी वाफेच्या इंजिनाने करावी. बतासियाचा वळसा त्यात येतोच. पावसाळ्यात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, म्हणून तेव्हा जाऊ नये. कांचनजुंगा बघायची तर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर बरा. मेमध्ये गर्दी खूप आणि शिखर बहुधा ढगात. वर दोन दिवस असतील तर १९५४ साली सुरू झालेली गिर्यारोहण संस्था आणि शेजारचं प्राणिसंग्रहालय बघा. तेनझिंग नोर्गे या संस्थेत शिकवत. लाल पांडा पाहून सतरा वर्षांचा ढांगळा मुलगाही पाच वर्षांचा होतो.

परतीचं आरक्षण विसरू नका. त्याची तारीख वेगळी असते. २ जानेवारीला सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण ३ नोव्हेंबरला उघडतं. पण साठ दिवस मोजतात ते गाडी आपल्या पहिल्या स्टेशनवरून ज्या दिवशी निघते त्या दिवसापासून. न्यू जलपाईगुडीला येणारी गाडी आसाममधून आदल्या रात्री निघाली असेल, तर आरक्षण एक दिवस आधीच उघडलेलं असतं. हे गणित पोरांना कागदावर मांडायला सांगा आणि उत्तर तुम्हीही एकदा तपासा. चुकलं तर बागडोगऱ्याहून विमानं आहेत, पण नाताळच्या सुट्टीतली त्यांची भाडी बघून पोरं पुन्हा रेल्वेच्या वेळापत्रकाकडे वळतील.